सकुबाईच्या हातचं बी

सारिका निमसे आकडे साफ करायला बसली की मागे वळून बघत नसे. करवळपाड्याची पोर, खर्डी स्टेशनापर्यंत दीड कोस चालत शाळेला गेलेली. विद्यापीठातून संख्याशास्त्राची एम.एस्सी. पहिल्या वर्गात काढली तेव्हा पाड्यावरचे म्हणाले, आता मास्तरीण होईल. झाली नाही. तिनं पीएच.डी.ला नाव घातलं आणि तिच्या मार्गदर्शक प्रभुदेसाई मॅडमच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या संगणकावर ठाण मांडलं. दोन हजार सहा साल होतं. त्या संगणकाला चालू व्हायला पाच मिनिटं लागत, आणि तेवढा वेळही सारिकाला धीर नसे.

विद्यापीठात दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संख्याशास्त्र, वाणिज्य आणि संगणक या तीन विभागांचं मिळून चर्चासत्र भरे. आंतरविद्याशाखीय असं त्याचं भारदस्त नाव. एखादी कंपनी आपल्या विक्रीची माहिती आणून द्यायची, विद्यार्थ्यांनी ती उकलायची आणि धंद्याला त्यातून काय कळतं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. वाणिज्यवाले संख्याशास्त्रवाल्यांना कारकून समजत, संख्याशास्त्रवाले त्यांना दुकानदार समजत आणि संगणकवाले दोघांशीही बोलत नसत. तरी चहाला सगळे एकत्र असायचे.

मे महिन्याच्या सत्रासाठी भाताच्या बियाण्यांची एक कंपनी आली होती. तिचे डेपो दोन, एक खर्डीला आणि एक मुरबाडला. कंपनीनं शेतकऱ्यांना कार्डं दिली होती. कार्डावर नंबर आणि जमीन, आणि दर हंगामाला त्या कार्डावर दहा-दहा किलोच्या किती पिशव्या गेल्या याची नोंद. नावं-गावं कंपनीनं झाकून ठेवली होती, विद्यार्थ्यांपुढे नुसते नंबर. तीन हंगामांच्या एकवीसशे चाळीस नोंदी. सारिकानं त्या दोन दिवसांत चाळून काढल्या. जमिनीच्या मानानं जी खरेदी कुठेच बसत नव्हती अशी अकरा कार्डं तिला सापडली. सगळ्यात वर होतं ख-११७. जमीन अर्धा एकर आणि पिशव्या एक्केचाळीस. अर्ध्या एकराला एक पिशवी पुरते, हे तिला पुस्तकात बघावं लागलं नाही.

तिनं अकराही कार्डं काढून टाकली. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. वर एक यादी केली, 'अविश्वसनीय नोंदी' असा मथळा दिला, खाली स्वतःचं नाव टाकलं आणि ती कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यांना, बिवलकर साहेबांना, पाठवून दिली.

बिवलकर दुसऱ्याच दिवशी आले. यादीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या नुसत्या अविश्वसनीय नाहीत, ह्या बोगस आहेत. अकरातली सात कार्डं खर्डीची. खर्डीचा डेपोवाला कुणाच्या तरी नावावर माल दाखवतो आणि बाहेर व्यापाऱ्याला देतो. मला दोन वर्षं संशय होता. तुमच्या सत्रात शुक्रवारी हे सगळ्यांपुढे एकदा मांडलं गेलं, की मी डेपो बंद करतो आणि पोलिसांत तक्रार देतो."

खर्डीचा डेपोवाला म्हणजे साईनाथ. दहा वर्षं तो स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बी-खत विकत होता. शाळेतून येताना सारिका त्याच्या माठातलं पाणी किती वेळा प्यायली असेल याला गणती नाही. खोटं कशाला बोला, तरी तिला त्या दिवशी वाईट कमी आणि अभिमान जास्त वाटला. आपण बसल्या जागी चोर पकडला, असं तिच्या मनानं घेतलं. आकडा काही कुणाचा काका नसतो, असं ती स्वतःला म्हणाली आणि वसतिगृहावर जाऊन शांत झोपली.

सत्राआधीच्या रविवारी ती घरी गेली. भाताच्या रोपांसाठी जमिनीचे राब भाजून झाले होते आणि पाड्यावर बी आणायचा दिवस होता. हा दिवस सारिकानं लहानपणापासून बघितलेला, त्यामुळे तिला त्यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं. पाड्यावर तेवीस घरं. पण बी आणायला डेपोवर जायची ती एकटी सकुबाई. सकुबाई विधवा, पासष्टीची, पाठीत जराशी वाकलेली आणि तोंडानं मिरची. तिचा हातगुण चांगला. तिच्या हातनं आलेलं बी फुकट जात नाही, हे पाड्यानं पंचवीस वर्षं पारखलेलं. मग दुसऱ्या कुणी कशाला जावं? ती सकाळी अंघोळ करून, पोटात अन्नाचा कण न घालता निघायची. बरोबर दोन गडी आणि बैलगाडी. पिशव्या गाडीतून थेट गावदेवीच्या चौथऱ्यावर. तिथं घरोघरच्या बाया सुपं घेऊन उभ्या असायच्या आणि प्रत्येक सुपात पहिली मूठ सकुबाई टाकायची.

त्या दिवशी गाडी आली, मुठी टाकून झाल्या. सकुबाई भाकरी खायला सारिकाच्या ओट्यावर टेकली. कमरेची चंची सोडून तिनं तंबाखू काढली, तशी चंचीतून एक कार्ड खाली पडलं. सारिकानं ते उचललं. हिरवं कार्ड, कोपऱ्यात कंपनीचं चित्र आणि मधोमध नंबर. ख-११७.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ज्या अर्ध्या एकरवालीला तिनं यादीत सगळ्यात वर बसवलं होतं, ती तिच्याच ओट्यावर तिच्याच आईच्या हातची भाकरी खात होती.

"सकुकाकी, किती पिशव्या आणल्यात?"

"एक्केचाळीस. दर साली तेवड्याच."

"सगळ्या तुमच्या कार्डावर?"

"मंग कोनाच्या? बी म्हंजी काय मीठ हाय का गो, कोनीबी जाऊन आनावं?" सकुबाईनं चंचीतून एक सुतळी ओढून काढली. "ही बघ. मला लिवता येत नाय, पन चुकत बी नाय."

सुतळीला गाठी होत्या, पाड्याच्या टोकापासून घरांच्या ओळीनं. एका घराच्या जेवढ्या पिशव्या तेवढ्या गाठी जवळजवळ, मग वीतभर मोकळी सुतळी, मग पुढचं घर. सारिकानं मोजल्या. तेवीस झुबके आणि एक्केचाळीस गाठी. तिला इतकी लाज वाटली की कान तापले. हे सगळं तिला ठाऊक होतं. सहाव्या वर्षापासून ती या चौथऱ्याभोवती सूप धरून उभी राहिली होती. पण संगणकावर ख-११७ आल्यावर तिला एकदाही वाटलं नाही की आकड्यामागे कुणी बाई असेल आणि बाईमागे पाडा असेल.

"काकी, ही सुतळी मला शुक्रवारपर्यंत द्याल?"

"ने. पन हरवलीस तर पुढल्या साली तुलाच डोक्यात ठेवाया लावीन."

सोमवारी सकाळी ती डेपोवर गेली. साईनाथ पिशव्यांची थप्पी लावत होता. चाळिशी ओलांडलेला, बोलायला कमी. तिला बघून त्यानं स्टूल पुसून पुढे केलं. सारिकानं मनात ठरवलं होतं की आधी सांगायचं, ती यादी माझी. पण तो चहा आणायला गेला, परत आला, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"साईनाथदादा, नंबरावरून नाव कळायची वही आहे ना? मला सात नंबर बघायचे आहेत."

त्यानं तिच्याकडे एकदा नीट बघितलं. मग काही न विचारता लाल वही काढून तिच्यापुढे ठेवली.

"तुम्ही सकुकाकीच्या कार्डावर एक्केचाळीस पिशव्या लिहिता. पुढे कोणाकोणाच्या ते का नाही लिहीत?"

"आता ते काय लिवायचं? अख्ख्या खर्डीला ठावं हाय, सकुबाईचं बी म्हंजी पाड्याचं बी." तो म्हणाला. "फॉर्मात जेवडे रकाने तेवडंच आमी लिवतो."

दोन दिवस ती खर्डीच्या आसपास पायी आणि रिक्षानं हिंडली. सातातलं एक कार्ड सरळ लिहिण्यातली चूक निघाली. चार एकरांच्या जागी कुणीतरी बिंदू चार लिहिलं होतं. बाकी सहा कार्डं म्हणजे सहा हातगुणाची माणसं. त्यातही एक गंमत होती, आणि ती सापडल्यावर सारिका भर उन्हात वाटेवर उभी राहून एकटीच हसली. ती गंमत तिनं शुक्रवारसाठी राखून ठेवली.

बुधवारी ती मुरबाडला गेली. खर्डीत जे आहे ते साईनाथनं शिकवलेलं असेल असं बिवलकर म्हणणार, हे तिला कळत होतं. मुरबाडचा डेपो कंपनीचा स्वतःचा, पगारी माणसाचा, आणि साईनाथचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तिथंही तीच रीत निघाली तर साईनाथ सुटला. शहापुराहून एस.टी.नं मुरबाड, डेपोवर चार नंबरांची नावं घेऊन म्हसा, तिथून पुढे सिद्धगडाच्या पायथ्याशी जीप. एक नाव काही केल्या सापडलं नाही. तीन सापडली. तिसरा वाळू नावाचा गडी, पन्नाशीचा, गडाखालच्या सोळा घरांचं बी आणणारा.

"मी एकटा आनतो," वाळू म्हणाला. "माझा बाप आनायचा. त्याच्या माघारी तीन जनांनी आनून बघितलं, मग माझ्यावर आलं."

"त्याचे तुम्हाला काही मिळतात का?"

वाळूला ते आवडलं नाही. "काय घेतलं का हात जातो, पोरी. चहासुदा पिनं नाय त्या दिवशी."

गुरुवारी ती मॅडमपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं. प्रभुदेसाई मॅडम तीस वर्षं शिकवत होत्या आणि त्यांच्या चष्म्यावरून बघण्याला पोरं घाबरत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या फेलोशिपचं पत्र मी याच कामावर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "उद्या समितीतले दोघे समोर बसणार आहेत. त्यांच्यापुढे तू म्हणणार की माझं काम चुकलं."

"हो."

"गप्प राहून नुसता निष्कर्ष मऊ करता येईल. 'अधिक तपास हवा' म्हणायचं. कुणी काही बोलणार नाही."

"मग साईनाथदादाचा डेपो जाईल, मॅडम. बिवलकर साहेबांना मऊ कळत नाही."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पुरावा आहे?"

"आहे."

"मग बोल. मी मध्ये पडणार नाही. वाचवायलाही नाही."

शुक्रवारी दालन भरलं होतं. पुढच्या रांगेत समितीतले दोघे, त्यांच्या शेजारी बिवलकर, मांडीवर फाइल. भिंतीवर प्रोजेक्टरचा निळा चौकोन. सारिका फळ्यापाशी गेली.

"आधी माझी चूक सांगते," ती म्हणाली. "मी अकरा कार्डं काढून टाकली आणि त्यांना अविश्वसनीय म्हटलं. अकरातली नऊ खरी आहेत. एक लिहिण्यातली चूक आहे, आणि एकाचा मला पत्ता लागला नाही, तो मी लागला असं म्हणणार नाही."

मग तिनं हातगुणाची रीत सांगितली. वाणिज्य विभागातले एक प्राध्यापक हसून शेजाऱ्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, की आता अंधश्रद्धेचीही आकडेवारी होणार तर.

"सर, हातगुण खरा की खोटा हे मी मोजलेलं नाही," सारिका म्हणाली. "खरेदी कोण करतं ते मोजलंय. तुमच्या विषयात त्याला ग्राहक म्हणतात." मागच्या बाकांवर संगणकवाले हसले. ते हसलेले सगळे पहिल्यांदाच बघत होते.

तिनं सुतळी वर धरली, गाठी दाखवल्या आणि खडूनं हिशेब मांडला. तेवीस घरं, एकूण जमीन साडेवीस एकर, एकराला वीस किलो. चारशे दहा किलो. दहा किलोच्या एक्केचाळीस पिशव्या. "पिशवीभरही फरक नाही. या बाईंना अक्षरओळख नाही. आणि आपल्या संगणकातली सगळ्यात अचूक नोंद यांची आहे, जी मी पुसली."

बिवलकर ताठ बसले होते. "ही सुतळी कालही बांधता आली असती," ते म्हणाले. "डेपोवाला तुमच्या गावचा. त्यानं दहा म्हाताऱ्यांची नावं घेऊन माल व्यापाऱ्याला दिला नाही, हे तुम्ही कसं सांगता? मला कागदावरचं दाखवा."

सारिका याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं फळ्यावर दोन नंबर लिहिले, ख-५८ आणि ख-३०२.

"हे दोन्ही माझ्या यादीतले. ख-५८ वर दोन हजार तीनला तेहतीस पिशव्या, चारला तेहतीस, पाचला एकही नाही. ख-३०२ हे कार्ड पाच सालीच निघालं आणि त्याच्यावर पहिल्याच वर्षी पिशव्या गेल्या तेहतीस. हे तुमच्याच फाइलमध्ये आहे, साहेब. ख-५८ म्हणजे बाईजा नावाची बाई. पाच साली चैत्रात ती वारली. पाड्यानं बैठक घेतली आणि चंदा नावाच्या बाईला बी आणायला सांगितलं. तिनं कार्ड काढलं." ती बिवलकरांकडे वळली. "व्यापाऱ्याला बोगस नावच हवं होतं, तर मेलेल्या बाईसारखं सोयीचं नाव कुठलं? ती तक्रार करत नाही, सही विचारायला येत नाही. साईनाथनं ते कार्ड वापरलं नाही. बाईजा गेली त्या दिवसापासून त्याच्यावर एक पिशवी नाही. आणि मुरबाडला, तुमच्या स्वतःच्या डेपोवर, अशीच तीन कार्डं आहेत. तिथल्या माणसावर तुम्हाला संशय आला नव्हता."

बिवलकरांनी फाइल उघडली. बोटानं ओळ शोधत ते खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. बराच वेळ लावला त्यांनी, पण माणूस आकड्याशी प्रामाणिक होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तक्रार होणार नाही. डेपो राहील." मग धंदेवाईक माणूस जागा झाला. "म्हणजे नऊ कार्डं म्हणजे आठ पाडे. ह्या लोकांना आपण एजंट केलं तर? पिशवीमागे कमिशन."

"तेवढं करू नका," सारिका म्हणाली. "त्यांनी काही घेतलं की पाड्याच्या लेखी हात गेला. घरं दुसरा हात शोधतील, आणि तो तुमच्याच डेपोवर येईल असं नाही. तुम्ही फक्त फॉर्मात एक रकाना वाढवा. 'कोणाकोणासाठी'."

संगणकवाल्यांपैकी एकानं ते वहीत लिहून घेतलं. समितीतल्या एकानं मॅडमना काहीतरी विचारलं आणि मॅडमनी, चष्म्यावरून बघत, मान डोलावली. फेलोशिपचं पुढे काय झालं म्हणाल तर मिळाली, पण सारिका त्या दिवशी तो विचार करत नव्हती. तिच्या डोक्यात एकच राहिलं होतं, आणि ते फळ्यापाशी बोलण्याहून अवघड होतं.

रविवारी ती सुतळी परत द्यायला पाड्यावर निघाली, ती आधी डेपोवर उतरली. साईनाथ नेहमीसारखा थप्पीपाशी. बिवलकरांचा फोन आला होता, डेपो राहणार हे त्याला कळलं होतं. त्यानं स्टूल पुसलं.

"दादा, बसत नाही. आधी सांगते. ती यादी माझी होती. मी सकुकाकीला पुसलं आणि तुम्हाला चोर केलं. सोमवारी सांगणार होते, माझ्यानं सांगवलं नाही."

साईनाथनं हातातली पिशवी थप्पीवर ठेवली, तिची कड नीट केली. मग गल्ल्याखालचा खण ओढून एक घडी घातलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. 'अविश्वसनीय नोंदी.' खाली छापलेलं, सारिका निमसे.

"तुज्या आधी चार दिस साहेब येऊन टाकून गेला," तो म्हणाला. "म्हनाला, तुज्याच गावच्या पोरीनं धरलाय तुला."

म्हणजे सोमवारी, चहा आणताना, स्टूल पुसताना, लाल वही काढताना, त्याला सगळं ठाऊक होतं. सारिकाचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"मग वही का दिलीत मला?"

"तू इचारायला आलीस ना. साहेबानं तेवडंबी केलं नाय." त्यानं कोपऱ्यातल्या माठाकडे हात केला. "पानी पी आधी. उन्हातनं आलीस."

ती पाणी प्यायली. साईनाथनं नवीन वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि शेवटी एक जादा, रुंद रकाना ठेवला. पेन तिच्यापुढे सरकवलं.

"पयली नोंद तूच कर. माजं अक्षर तुज्या कंप्युटरला कळत नाय, ते बघितलं आमी."

सारिकानं पिशवीतून सुतळी काढून गुडघ्यावर सरळ केली. नंबराच्या रकान्यात ख-११७ लिहिलं, नावाच्या रकान्यात सकुबाई, आणि मग पहिल्या झुबक्यापासून एकेका घराचं नाव लिहायला घेतलं. चौथं घर तिचं स्वतःचं होतं, दोन गाठींचं.